रात्री झोपेतून ओरडत उठायचे, ईईजी 'नॉर्मल' आला, तरी मिरगीच निघाली

ओलिताची_रात (यवतमाळ जिल्हा)

नमस्कार. वर्षभरापासून इथं नुसती वाचत होती, आज लिहायला बसली. आमच्या घरी तीन वर्षं जे चाललं होतं त्याचं नाव मागच्या महिन्यात कळलं, आणि मला खात्री आहे की आपल्या भागात अशी आणखी घरं असतील जिथं माणूस रात्री ओरडत उठतो आणि सकाळी सगळे त्याच्याकडं वेगळ्या नजरेनं पाहतात.

आमचे हे ३६ वर्षांचे. आठ एकर वावर, पऱ्हाटी आणि तूर, विहिरीच्या भरवशावर थोडा हरभरा-गहू. दिवसा एकदम धडधाकट, फवारणीचा पंप पाठीवर घेऊन दिवसभर चालतील. तीन वर्षांआधी हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस होते, आमच्याकडं आठवड्यातले काही दिवस थ्री फेज लाईन रात्रीच येते, मग हे बारा वाजता बॅटरी घेऊन वावरात जायचे आणि पहाटे चार-पाचला चिखलाच्या पायानं घरी यायचे, दोन घंटे झोपले की परत कामाला. अशाच एका पहाटे येऊन झोपले, डोळा लागून थोडाच वेळ झाला असेल, तर एकदम गुरानं हंबरावं तसा आवाज. मी दचकून उठली. हे अर्धे उठून बसलेले, डोळे सताड उघडे, उजव्या हातानं बाजेची पाटी गच्च धरलेली आणि दोन्ही पाय सायकल मारल्यासारखे जोरात चालू. हाक मारली तर माझ्याकडं पाहिलं, पण ओळख नाही त्या नजरेत. अर्धा मिनिट, फार तर. मग आडवे झाले, कूस बदलली आणि झोपून गेले. सकाळी विचारलं तर म्हणे, काही आठवत नाही, दंड दुखतो आहे फक्त.

मग आठवड्यातून एकदा, मग दोन-तीनदा, आणि ओलीत असलं की एका रात्रीत चार-पाचदा. सासूबाई म्हणाल्या वावरातल्या जुन्या विहिरीवरून काहीतरी सोबत आलं. लिंबू झाले, उतारा झाला, एका बुवाकडं वर्षभर दर अमावास्येला वारी झाली. मी कोणाच्या श्रद्धेला नाव ठेवत नाही, त्या वेळी मी पण हात जोडून उभी होती. पण पैसा गेला, वर्ष गेलं आणि ह्यांच्या मनात बसलं की आपल्यातच काहीतरी वाईट शिरलं आहे. लेकरं घाबरतात म्हणून ह्यांनी आपली बाज आधी ओसरीत नेली, मग गोठ्यात. माणूस स्वतःच्या घरात झोपायला लाजत होता हो. ते आठवलं की अजून जीव कासावीस होतो.

त्यानंतर दवाखाने. एकानं टेन्शन म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यानं ईईजी, म्हणजे डोक्याला वायरी लावून मेंदूची वीज मोजायची तपासणी, करायला लावला, दिवसा, अर्ध्या तासाचा, हे जागेच. रिपोर्ट 'नॉर्मल'. त्या एका शब्दानं आमचं दीड वर्ष खाल्लं. नातेवाईक उघड बोलायला लागले की मशीनमध्ये काही निघालं नाही म्हणजे हे नाटक आहे, काम टाळायचं. ह्यांनीही मान खाली घालून ऐकून घेतलं, कारण ह्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं रात्री काय होते ते.

माझी भाची नर्सिंग शिकते, ती दिवाळीला आली होती. तिनं एकच सांगितलं, मामी, झिरोचा बल्ब चालू ठेव, मोबाईल उशाशी ठेव आणि झालं की आधी व्हिडिओ काढ. मला ते वाईट वाटलं, नवऱ्याची अशी हालत काय शूट करायची. तरी काढले, दोन महिन्यात अकरा. एका दुपारी एकापाठोपाठ एक पाहिले तेव्हा अंगावर काटा आला. अकराच्या अकरा सारखे! आधी उजवा हात पाटीवर, मग तो आवाज, मग पाय. क्रम एकदाही चुकलेला नाही. भूत काय रोज एकाच हातानं बाज धरते का, हे माझ्या मनात तेव्हा आलं.

नागपूरला मेंदूच्या डॉक्टरांनी तीन व्हिडिओ पाहिले आणि मला एकच विचारलं, "हात नेहमी उजवाच का?" मी हो म्हटलं. त्यांनी ह्यांच्याकडं खुर्ची वळवली आणि म्हणाले, तुम्ही नाटक करत नाही आणि वेडे पण नाही, हा झोपेतल्या मिरगीचा, म्हणजे फिटचा, प्रकार वाटतो, पक्कं करायला दोन-तीन रात्री भरती राहून व्हिडिओ ईईजी करू. हे तिथंच रडायला लागले. लग्नाला चौदा वर्षं झाली, मी ह्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं.

भरतीचं थोडं उद्या लिहिते, लाईट जायची वेळ झाली. कोणाच्या घरी असं असेल तर बोला, लाजू नका.

धुऱ्यावरची_बाभूळ (वाशीम)

ताई, वाचून झोप उडाली. माह्या लहान भावाचं असंच आहे. २८ वर्षांचा आहे तो. रात्री उठते, भिताडाले धरते, शिव्या देल्यासारखं काहीतरी बडबडते आन मग झोपून जाते. आमी त्याले दारू सोड म्हणून मारलं बी आहे, खोटं कायले बोलू. पण तो तं महिना महिना पीत नाही तरी होतेच. त्याचाबी ईईजी नॉर्मल आला होता. मंग नॉर्मल असून मिरगी कशी राहील, हे कोणी समजावून सांगन का?

काळी_माती (नागपूर)

मी ईईजी काढायचंच काम करतो, टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे निदान आणि औषध मी सांगणार नाही, मशीनचं सांगतो, कारण ह्या 'नॉर्मल' शब्दामुळे किती घरं फसतात ते मी रोज पाहतो.

मेंदूच्या पेशी एकमेकींशी विजेच्या अगदी बारीक इशाऱ्यांनी बोलतात. कवटीवरून ती वीज मोजली तर व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात भरते, टॉर्चचा एक सेल दीड व्होल्टचा असतो त्यावरून अंदाज करा. जर्मनीतल्या येना गावच्या हान्स बर्गर ह्या डॉक्टरांनी १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून ती पहिल्यांदा टिपली आणि १९२९ ला छापून जगापुढं ठेवली. मशीन फक्त ऐकते, डोक्यात काही सोडत नाही. हे ठळक करून सांगतो कारण आपल्याकडं अर्धे पेशंट 'शॉक देणार' म्हणून पळून जातात. शॉक वगैरे काही नाही.

आता बाभूळ भाऊंचा प्रश्न. मिरगीचा झटका म्हणजे मेंदूच्या एखाद्या भागातल्या पेशींनी एकदम एका सुरात धडाधड वीज सोडणं. दोन झटक्यांच्या मधल्या काळात कधी कधी छोट्या टोकदार लाटा दिसतात, त्याच आम्ही शोधतो. पण त्या दिवसभर असतीलच असं नाही. अर्ध्या तासाच्या पहिल्या साध्या ईईजीत फार तर अर्ध्याच्या आसपास रुग्णांत काही सापडते, बाकीच्यांचा स्वच्छ येतो. ज्याला फक्त झोपेत झटके येतात त्याचा ईईजी दुपारी जागेपणी काढणं म्हणजे रोही (नीलगाय) रात्री पीक खाते आणि तुम्ही भर उन्हात जाऊन पाहता, तसं आहे. उलटंही होते बरं का, कधी एकही झटका न आलेल्या माणसाच्या ईईजीतही तशी लाट दिसून जाते. म्हणून कागद एकटा काही ठरवत नाही, काय घडते ते पाहणारा माणूस आणि कागद दोन्ही लागतात.

त्यातही ताईंच्या घरचा प्रकार अवघड. असे झटके बहुतेक मेंदूच्या पुढच्या भागातून निघतात आणि त्या भागाचा बराच हिस्सा आतल्या बाजूला, दोन अर्ध्यांच्या मधल्या भिंतीवर आणि खाली डोळ्यांच्या वर दडलेला आहे. कवटीवरच्या वायरीला तिथलं ऐकूच येत नाही. आणि झटका आला की माणूस इतका हलतो की स्नायूंच्या विजेनं सगळा पडदा काळा होतो. म्हणून इथं व्हिडिओचं वजन फार. १९८१ साली इटलीतल्या बोलोन्यात लुगारेसी आणि चिरिन्योत्ता ह्यांनी असे रुग्ण लिहून ठेवले तेव्हा त्यांनाही सुरुवातीला पक्कं सांगता येत नव्हतं की ही मिरगी की झोपेचा आजार, वर्षानुवर्षं वाद चालला. आज ह्याला झोपेशी निगडित हायपरमोटर (हातपाय जोरजोरात हलवणारी) मिरगी म्हणतात, हे नाव २०१४ च्या बोलोन्याच्या बैठकीत ठरलं. तिथले मोठे डॉक्टर अडले होते, तर तालुक्याच्या ठिकाणी एका रिपोर्टवर चूक होऊ शकते. राग डॉक्टरवर धरण्यापेक्षा पुढची तपासणी मागा.

संत्रा_बाग (अमरावती जिल्हा, मोर्शीकडे)

आमच्याकडं बाबांचं असंच होतं पण निघालं भलतंच, म्हणून लिहितो. बाबा ६६. आधी रात्री हातवारे, मग एकदा आईला इतकी जोरात कोपरखळी मारली की तिचा ओठ फाटला. आम्हाला वाटलं मिरगीच. पण बाबांचं नेहमी पहाटे, तीन-चारच्या नंतर. डोळे मिटलेले. आणि उठवलं की लगेच भानावर येऊन सांगायचे की रानडुकराच्या मागं लागलो होतो, बागेत शिरलं होतं. दर वेळी स्वप्न वेगळं, दर वेळी हातवारे वेगळे.

त्यांची रात्रभराची झोपेची तपासणी केली, डोक्याला, हनुवटीला, पायाला वायरी, नाकाशी श्वासाची नळी, बोटाला चिमटा. डॉक्टरांनी समजावलं ते असं की स्वप्न पडणाऱ्या झोपेत शरीर मुद्दाम सैल पडते, नाहीतर आपण सगळेच स्वप्नातलं करत सुटू. बाबांच्यात ते सैल पडणंच बंद झालं आहे. हा आजार माणसांत पहिल्यांदा १९८६ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात नीट मांडला गेला म्हणे. मिरगी नाही. पण हा आजार पुढं कंपवाताची आधीची पायरी असू शकतो, म्हणून दर वर्षी दाखवायला सांगितलं आहे. आता बाज भिंतीपासून दूर आहे, खाली गादी टाकतो, उशाशी विळा-कोयता काही ठेवत नाही, गोळी चालू आहे. आई दुसऱ्या खाटेवर झोपते.

तर रात्री उठणारा प्रत्येक माणूस मिरगीचाच असंही धरून चालू नका.

काळी_माती

संत्रा बाग भाऊंनी फार कामाचं लिहिलं. लहान पोरं झोपेत चालतात, किंचाळतात ते आणखी तिसरं, ते बहुतेक रात्रीच्या पहिल्या भागात, एका रात्रीत सहसा एकदा, बरीच मिनिटं चालते आणि वयानं कमी होत जाते. मिरगीचं मोठं लक्षण तेच जे ओलिताची रात ताईंनी दुपारी बसून पकडलं: तोच हात, तोच आवाज, तोच क्रम, दोन मिनिटांच्या आत संपणं आणि एका रात्री अनेकदा येणं. व्हिडिओ काढताना सुरुवात सापडली तर सोनं. चेहरा आणि दोन्ही हात दिसले पाहिजेत, पांघरूण बाजूला करा, आणि नाव विचारून पाहा, उत्तर येते का ते रेकॉर्ड होऊ द्या.

ओलिताची_रात

काल अर्धवट राहिलं होतं.

भरती व्हायच्या दिवशी ह्यांना सांगितलं होतं केस शाम्पूनं धुवा, तेलाचा थेंब नको. आमच्याकडं तेल न लावता घराबाहेर पडायची सवय नाही, तर सासूबाईंनी निघताना डोक्यावर हात फिरवायच्या निमित्तानं लावलंच थोडं, मग नागपुरात पोचल्यावर पुन्हा धुवावं लागलं. तिथल्या मुलीनं टेपनं डोकं मोजलं, नाकाच्या मुळापासून मागच्या हाडापर्यंत, मग ह्या कानापासून त्या कानापर्यंत, शिंपी कापड मोजतो तसं, आणि लाल पेन्सिलीनं बारीक खुणा केल्या. मग एकेका खुणेवरचे केस बाजूला करून, काडीला कापूस गुंडाळून तेवढीच जागा खसखस घासली, वर पेस्ट, वर चकती. मी मोजल्या, वीसेक होत्या. शेवटी पांढऱ्या पट्टीचा फेटा बांधला आणि सगळ्या वायरींची मागं वेणी केली. हे आरशात पाहून म्हणाले, लग्नात एवढा फेटा नव्हता. तीन वर्षात ह्यांच्या तोंडून पहिल्यांदा अशी गोष्ट ऐकली म्हणून लिहिते आहे.

खोलीत कॅमेरा, रात्रीही दिसणारा. मला एक बटण दिलं, झालं की दाबायचं. डोळ्यासमोर दिवा लपलप करून पाहिला, तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावला. पहिली रात्र काहीच नाही. मला इतकी भीती वाटली की इथंही नॉर्मल म्हणून घरी पाठवतील. दुसऱ्या रात्री ह्यांना उशिरापर्यंत जागं ठेवलं, दोन वाजता झोपू दिलं. आणि पहाटेपर्यंत तीन वेळा आला! मी बटण दाबत होती आणि देवाची शपथ, पहिल्यांदा मला तो आवाज ऐकून बरं वाटलं.

सकाळी डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. झोपेतल्या शांत लाटा, त्यात झटक्याच्या अगदी आधी एक चिमूटभर वेगळी रेष, आणि मग सगळं काळं. व्हिडिओत पाहा तर उजवा हात. एमआरआय पण केला, त्यात काही दिसलं नाही. कार्बामाझेपिन नावाची गोळी चालू झाली, हळूहळू वाढवत. अंगावर पुरळ आलं, तोंडात फोड आले की लगेच यायचं असं दोनदा बजावलं. सुरुवातीला आठ दिवस चक्कर आणि सुस्ती होती, आता नाही. आज तेवीस दिवस झाले, दोनच झाले, तेही अर्धवट, आवाज नाही. बाज गोठ्यातून घरात आली आहे.

पेस्ट मात्र केसातून निघता निघेना. गरम पाण्यानं तीन वेळा धुतलं, बारीक दाताची फणी फिरवली, तरी चार दिवस पांढरे कण निघत होते.

माझी अडचण आता वेगळी आहे. डॉक्टरांनी सांगितलं जागरण हा मोठा ट्रिगर आहे, झोप मोडायची नाही. आणि हरभऱ्याला दुसरं पाणी द्यायचं आहे, लाईन ह्या आठवड्यात पुन्हा रात्रीची. हे म्हणतात मी जातो, काही होत नाही. काय करू?

मोहफूल (मेळघाट)

ताई, जाऊ देऊ नका. स्पष्टच लिहितो. झटका झोपेतच येतो हे खरं, पण जागरण झालं की माणूस धुऱ्यावर बसल्या बसल्या पेंगतो, आणि पेंगला तर तेही झोपच. विहिरीच्या काठावर, मोटारीच्या पेटीशी, अंधारात, एकटा. मी शिक्षक आहे, आमच्या गावात एक तरुण जागलीला मचानावर झोपायचा, तिथून खाली पडून खांदा मोडला. नंतर कळलं त्याला झोपेत फिट यायची आणि घरच्यांना माहीत होतं, पण सांगितलं नव्हतं कारण मग बहिणीचं लग्न जमणार नाही म्हणे.

इकडे लोक आधी भूमकाकडं, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडं, जातात. मी त्याला विरोध करून पाहिला, उपयोग झाला नाही. मग एका म्हाताऱ्या भूमकाशी स्वतः जाऊन बोललो, त्याला म्हटलं तुम्ही तुमचं करा, पण फिटवाल्याला गोळी सोडायला सांगू नका आणि दवाखान्यात पाठवा. त्यानं ऐकलं. आता तोच दोन-चार जणांना सांगतो की गोळी पण घे. मला वाटते आपल्या भागात हाच रस्ता चालतो.

उपकेंद्रातली (बुलढाणा जिल्हा)

मी गावात आरोग्य सेविका आहे. ताई, तुमच्या मिस्टरांना रात्री पाठवू नका हे माझंही. दीर-जाऊ, शेजारी, कोणाशी तरी अदलाबदल करा, ते तुमचं रात्रीचं पाणी देतील, तुम्ही त्यांचं दिवसाचं काम करा.

सगळ्यांसाठी दोन-तीन गोष्टी, ज्या मी दर बैठकीत सांगते आणि तरी प्रत्येक वेळी कोणीतरी चप्पल घेऊन धावतेच. मोठी फिट आली, अंग ताठ होऊन झटके आले, तर कांदा, चप्पल, लोखंड काही हुंगवू नका. तोंडात चमचा, बोट घालू नका, दात तुटतात नाहीतर बोट तुटते. पाणी पाजू नका. आजूबाजूचं सामान सरकवा, एका कुशीवर करा म्हणजे लाळ बाहेर येईल, आणि घड्याळ पाहा. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा शुद्धीवर न येता दुसरी सुरू झाली, की १०८ ला फोन.

झोपेत अशी मोठी फिट येणाऱ्याला एकट्याला वेगळ्या खोलीत, गोठ्यात, वावरात झोपवू नका. हे मनावर दगड ठेवून सांगते. झोपेत मोठी फिट आली, माणूस पालथा झाला आणि जवळ कोणी नसलं तर जीव जाऊ शकतो, असं झालेलं मी माझ्या भागात पाहिलं आहे. खोलीत दुसरं माणूस असण्यानं धोका कमी होतो. ताईंनी बाज घरात आणली ते औषधाइतकंच मोठं काम केलं.

आणि मोठ्या वयात पहिल्यांदाच फिट आली तर डोक्याचा सीटी नाहीतर एमआरआय हवाच. आपल्याकडं मेंदूत फीतकृमीची गाठ हे एक मोठं कारण आहे. ह्या कृमीची अंडी दूषित पाणी, न धुतलेली कच्ची भाजी, हात न धुता वाढलेलं जेवण ह्यातून पोटात जातात, त्यामुळे आम्ही माळकरी आहोत, आम्हाला कसं होईल, असं म्हणू नका. वावरातली कोथिंबीर, मुळा, पालक नीट धुवून खा.

पहाटेची_एसटी (वर्धा)

मी २२ वर्षांची, कॉलेजला वर्ध्याला जाते, पहाटे साडेपाचची गाडी पकडावी लागते. मला झोपेत नाही, पण उठल्या उठल्या हाताला झटके यायचे, चहाचा कप, ब्रश, कंगवा हातातून उडून जायचा. आई म्हणायची वेंधळी. परीक्षेत रात्रभर जागून अभ्यास केला आणि सकाळी मोठी फिट आली. सुरुवातीला मला पण ताईंच्या मिस्टरांसारखीच कार्बामाझेपिन दिली होती तर झटके वाढले, मग रात्र जागवून, झोपवून ईईजी केला, तेव्हा कळलं की माझा प्रकार वेगळा आहे आणि त्यात ती गोळी उलटी पडू शकते. गोळी बदलली, दीड वर्ष काही नाही. म्हणून इथं गोळीचं नाव वाचून कोणी परस्पर दुकानातून घेऊ नका, आणि चालू आहे ती आपल्या मनानं बंद पण करू नका.

मला एक विचारायचं आहे, घरी स्थळं पाहायला सुरुवात झाली आहे आणि मावशी म्हणते सांगायचंच नाही, कायद्यानं लग्न मोडते म्हणे मिरगी असली की. खरं आहे का?

मोहफूल

बाळा, ते जुनं झालं. हिंदू विवाह कायद्यात आधी मिरगीचा उल्लेख होता, १९९९ च्या दुरुस्तीनं तो काढून टाकला. पण लपवू नकोस. कायद्याच्या भीतीनं नाही, तर लग्नानंतर तुला गोळी लपून खावी लागेल, चुकेल, आणि चुकली की फिट येईल म्हणून. ज्या घरात गोळीचा डबा देव्हाऱ्याशेजारी उघडा ठेवता येईल ते घर पाहा. आणि लग्नाआधी डॉक्टरांशी बोलून घे, काही औषधं, विशेषतः व्हॅलप्रोएट, गरोदरपणात पोटातल्या बाळाला त्रासदायक असतात, त्याचं आधीच ठरवावं लागते.

पहाटेची_एसटी

धन्यवाद सर. आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण डबा कपाटातून काढून फळीवर ठेवला.

धुऱ्यावरची_बाभूळ

काल रात्री मी भावाच्या खोलीत झोपलो. मोबाईल घेऊन. दोन वेळा झालं. पहिला सुटला, दुसऱ्याचा व्हिडिओ सापडला. आधी डावा हात वर जाते, मान डावीकडं फिरते, मंग भिताड धरते. मी नाव विचारलं, उत्तर नाही. बायकोले दाखवला, ती म्हणे आजवर पाह्यलेलं सगळं असंच होतं. ज्या पोरावर मी हात उचलला त्याले काही माहीतच नव्हतं. सकाळी त्याच्या पाया पडलो. मोठा भाऊ असून. तो म्हणे काहून रडतं दादा.

मंगळवारची नागपूरची तारीख भेटली आहे. त्याले झोपेचा ईईजी करायचं म्हणतात. तयारी काय लागते, काळी माती भाऊ सांगा.

ओलिताची_रात

बाभूळ भाऊ, तुम्ही लिहिलं ते मी ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले त्यांना सांग, भावाला आता बाहेर झोपू देऊ नका.

आमच्या पाण्याचं जमलं. शेजारच्या वावरवाल्यांनी रात्रीची पाळी घेतली, आम्ही त्यांची तूर सोंगून देऊ. सोलर पंपाचा अर्ज पण भरला आहे, दिवसा मोटार चालली तर पुढच्या वर्षी हा प्रश्नच राहणार नाही. सासूबाईंनी विहिरीपाशी नारळ फोडलाच, मी काही म्हटलं नाही. पण रात्री साडेआठला गोळी आता त्याच देतात, पाण्याचा गिलास घेऊन समोर उभ्या राहतात.

काळी_माती

बाभूळ भाऊ, मंगळवारसाठी.

सोमवारी रात्री केस शाम्पूनं धुवा, नंतर तेल, जेल काही नाही. किती वाजेपर्यंत जागवायचं ते तुमच्या सेंटरवाल्यांना फोन करून विचारा, बहुतेक अर्धी रात्र नाहीतर पूर्ण सांगतात. एकट्याला जागवू नका, तुम्ही सोबत बसा, कारण जागरणानं झटका येऊ शकतो. मोटरसायकलवर आणू नका, एसटीनं या, आणि एसटीत त्याला झोपू देऊ नका, झोप इथं आल्यावर हवी. चहा-कॉफी नको, पण उपाशी आणू नका, पोट भरून आणा. आधीच्या कोणत्या गोळ्या चालू असतील तर बंद करू नका, पाकिटं सोबत आणा. जुना 'नॉर्मल' रिपोर्टही आणा, तोही लागतो.

मशीनवर पहिल्यांदा झोपेच्या लाटा आल्या की मी पेशंटच्या माणसाला पडदा दाखवतो. मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती अशी एक लाट येते, तकलीवर सूत गुंडाळलं की दिसते तशी, म्हणून तिचं नावच तकलीवरून पडलं आहे. ती दिसली की माणूस खरा झोपला. त्यानंतर आम्ही शोधतो.

व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवून दाखवू नका, दाबला जाऊन अंधुक होतो. तोच मोबाईल चार्ज करून घेऊन या.

धुऱ्यावरची_बाभूळ

बरं भाऊ. पहाटे पाचची गाडी आहे. मी आन बायको दोघंही येतो त्याच्यासंग.